सिंगल रेटचा ओव्हरटाइम: ‘गुजरात मजदूर सभा’ प्रकरणाचा अभ्यास

कारखान्यातला ओव्हरटाइम दोन प्रकारचा असतो, हे कामगारांना चांगलंच ठाऊक असतं: डबल ओटी (जादा तासांना दुप्पट दर) आणि सिंगल ओटी (जादा तासांनाही साधाच दर). कायद्यात फक्त पहिला आहे. दुसरा चालतो तो कामगाराच्या गरजेवर आणि मालकाच्या सोयीवर, आणि पगाराच्या स्लिपवर तो ‘इतर भत्ते’ अशा एखाद्या नावाखाली लपवला जातो. एप्रिल २०२० मध्ये मात्र गुजरात सरकारने सिंगल ओटी अधिसूचनेत छापून अधिकृत केला. त्याविरुद्ध गुजरात मजदूर सभा या नोंदणीकृत संघटनेने, आणखी एका कामगार संघटनेला सोबत घेऊन, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. के. एम. जोसेफ यांच्या खंडपीठाने ती मान्य केली.

हा निकाल सहसा ‘कोरोनाकाळातला निकाल’ म्हणून सांगितला जातो. मला तो मुळात ओव्हरटाइमच्या दराबद्दलचा निकाल वाटतो. बारा तास काम करून घेण्याची सोय आपल्या कायद्यात काही अटींवर आधीपासूनच होती. गुजरातने काढून घेतली ती जादा तासाची किंमत. हे नीट समजून घ्यायचं तर अधिसूचनेपासून सुरुवात करावी लागते.

अधिसूचनेत काय होतं

मार्च २०२० च्या शेवटी देशभर टाळेबंदी लागली. २० एप्रिलपासून काही उद्योगांना पुन्हा काम सुरू करायला परवानगी मिळणार होती. त्याच्या तीन दिवस आधी, १७ एप्रिलला, गुजरातच्या श्रम विभागाने कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५ चा आधार घेऊन अधिसूचना काढली. राज्यातल्या नोंदणीकृत कारखान्यांना २० एप्रिल ते १९ जुलै या काळासाठी कलम ५१, ५४, ५५ आणि ५६ मधून सूट मिळाली.

ही चार कलमं म्हणजे कामाच्या वेळेचा सगळा सांगाडा होता. कलम ५१ प्रमाणे आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम नाही. कलम ५४ प्रमाणे दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त नाही. कलम ५५ प्रमाणे सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती. आणि कलम ५६ प्रमाणे विश्रांती धरूनही कामाचा दिवस साडेदहा तासांपलीकडे ताणता येत नसे.

त्याऐवजी आलेल्या अटी अशा: दिवसाला १२ तास, आठवड्याला ७२ तास, सहा तासांनंतर अर्धा तास विश्रांती, संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत स्त्री कामगारांना काम नाही. शेवटची अट वेतनाची होती. जादा तासांचं वेतन चालू दराच्या प्रमाणात द्यायचं. कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून अधिसूचनेतच उदाहरण दिलं होतं: आठ तासांचे ८० रुपये असतील, तर बारा तासांचे १२० रुपये. म्हणजे जादा तासांना दुप्पट दराने वेतन द्या असं सांगणारं कलम ५९ त्या एका ओळीत गुंडाळलं गेलं.

घड्याळाप्रमाणे पाहिलं तर सकाळी आठला गेटवर पंच केलेला कामगार दुपारी एकऐवजी दोनला जेवायला उठणार, आणि रात्री साडेआठला सुटणार. स्त्री कामगारांची गोष्ट आणखी विचित्र. बारा तास काम आणि अर्धा तास विश्रांती सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्या वेळात बसवायची, तर त्यांची पाळी सहा ते साडेसहाच्या दरम्यानच सुरू व्हायला हवी. घरून कधी निघायचं, स्वयंपाक कधी उरकायचा आणि वाहतूक जवळजवळ बंद असताना यायचं कसं, याचा विचार अधिसूचनेत कुठेच दिसत नाही.

साप्ताहिक सुट्टीचं कलम ५२ मात्र सवलतीच्या यादीत नव्हतं. बारा तासांचे सहा दिवस, म्हणून ७२. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर १८९० मध्ये मिळालेली रविवारची सुट्टी एवढी तरी शाबूत राहिली.

मुदत संपली तशी २० जुलैला दुसरी अधिसूचना निघाली आणि तीच व्यवस्था १९ ऑक्टोबरपर्यंत वाढवली गेली.

एका आठवड्याचा हिशोब

अधिसूचनेतलेच आकडे घेऊ. आठ तासांचे ८० रुपये, म्हणजे तासाला १०. (हा दर निव्वळ समजावण्यापुरता आहे. प्रत्यक्ष किमान वेतन याच्या कितीतरी पट असतं, पण प्रमाण तेच राहतं.)

अधिसूचनेप्रमाणे ७२ तासांचे होतात ७२० रुपये. कारखाने अधिनियमाप्रमाणे पहिले ४८ तास साध्या दराने, म्हणजे ४८० रुपये. उरलेले २४ तास तासाला २० रुपयांनी, म्हणजे आणखी ४८०. एकूण ९६०. आठवड्याला २४० रुपये कामगाराच्या खिशातून गेले. कायदेशीर वेतनाचा चौथा हिस्सा, आणि तोही प्रवास, खाणं, घर सगळंच अवघड झालेलं असताना.

पण मला यापेक्षा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. आठवड्याला २४ जादा तास, तर तिमाहीच्या तेरा आठवड्यांत ३१२. अधिनियमाच्या कलम ६५ मध्ये कामाचा असाधारण ताण असेल तेव्हा सूट देण्याची तरतूद होती. तिच्याखाली दिवसाला १२ तासांपर्यंत काम करून घेता येत असे, पण ओव्हरटाइमसकट आठवड्याला ६० तासांची मर्यादा असे, सलग सात दिवसांपेक्षा जास्त ओव्हरटाइम लावता येत नसे, आणि मूळ कायद्याप्रमाणे तिमाहीत एकूण ७५ तासांची मर्यादा होती. महाराष्ट्राने ती दुरुस्ती करून ११५ वर नेली. ७५ कुठे आणि ३१२ कुठे. कायद्याने सगळ्यात गर्दीच्या हंगामासाठी जी कमाल ठरवली, तिच्या चौपटीहून जास्त.

म्हणजे सरकारला खरोखर एवढंच हवं असतं की कारखान्यांनी काही काळ लांब पाळ्या चालवाव्यात, तर कलम ६५ चा रस्ता मोकळा होता. त्या रस्त्याने गेल्यावर कलम ५९ चा दुप्पट दर मात्र टळत नव्हता, कारण सूट देता येणाऱ्या कलमांमध्ये ते नव्हतंच. कलम ५ ची निवड का झाली असावी, याचं उत्तर मला इथे दिसतं.

लांब पाळीच्या बाजूने एक म्हणणं खरोखर विचारात घेण्यासारखं होतं. तीनऐवजी दोन पाळ्या चालवल्या तर कमी माणसं ये-जा करतात, गेटवर आणि कॅन्टीनमध्ये गर्दी कमी होते, संसर्गाचा धोका घटतो. हे मान्य करू. पण त्याने फार तर बारा तासांचं समर्थन होतं. नवव्या तासापासूनचं काम साध्या दराने का, याचं त्यात काहीच उत्तर नाही. शिवाय चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यात तिसरी पाळी बंद झाली की त्या पाळीच्या माणसांनी काय करायचं, हा प्रश्न उरतोच. दुप्पट दर हा मालकाला घातलेला लगाम आहे: जादा तास महाग पडतो, म्हणून तो नवीन माणूस घेण्याचा विचार करतो. दर सारखाच केला की लगाम सुटला.

‘सार्वजनिक आणीबाणी’ म्हणजे काय

कलम ५ राज्य सरकारला मोठा अधिकार देत होतं. सार्वजनिक आणीबाणीत एखाद्या कारखान्याला किंवा कारखान्यांच्या एखाद्या वर्गाला अधिनियमाच्या कुठल्याही तरतुदीतून सूट देता येत असे. अपवाद एकच, लहान मुलांना कामावर ठेवायला बंदी करणारं कलम ६७. एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदत नाही. आणि स्पष्टीकरणात आणीबाणीची व्याख्या दिली होती: युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे भारताच्या किंवा त्याच्या एखाद्या भागाच्या सुरक्षिततेला धोका निर्माण करणारी गंभीर परिस्थिती.

सगळा खटला या व्याख्येभोवती फिरला. राज्याचं म्हणणं असं, की महामारीने अर्थव्यवस्था कोलमडली, ही अंतर्गत अशांतताच आहे. न्यायालयाने ते मानलं नाही. महामारीचं गांभीर्य न्यायालयाने कुठेही कमी लेखलेलं नाही. उद्योगांवर आलेलं संकटही मान्य केलं. पण आर्थिक मंदी आणि देशाच्या सुरक्षिततेला असलेला धोका या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. व्याख्येतले तीनही शब्द एकाच जातीचे आहेत, आणि त्या पंक्तीत आरोग्य संकटातून आलेली आर्थिक अडचण बसत नाही. न्यायालयाने इथे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५२ चा, म्हणजे देशात आणीबाणी जाहीर करण्याच्या तरतुदीचा, इतिहासही तपासला. १९७५ च्या आणीबाणीनंतर ४४ व्या घटनादुरुस्तीने त्यातून ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द काढून ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले, ते सैल शब्दांचा गैरवापर होऊ नये म्हणूनच. असे शब्द जिथे अजून शिल्लक आहेत, तिथे ते जपूनच वाचायला हवेत.

दुसरा मुद्दा सरसकट सवलतीचा. औषधं, व्हेंटिलेटर किंवा मास्क बनवणाऱ्या एखाद्या वर्गापुरती अधिसूचना असती तर निदान हेतू आणि उपाय यांचा काही मेळ दिसला असता. इथे राज्यातल्या सगळ्याच कारखान्यांना मोकळीक होती. बनियन शिवणारा कारखाना आणि ऑक्सिजन भरणारा कारखाना एकाच मापात.

तिसरा भाग हा निकालाचा गाभा आहे. न्यायालयाने कामाच्या तासांकडे केवळ प्रशासकीय नियम म्हणून पाहिलं नाही. अनुच्छेद २१ मधला जगण्याचा हक्क, अनुच्छेद २३ मधली वेठबिगारीला असलेली मनाई आणि मार्गदर्शक तत्त्वांमधल्या कामाच्या न्याय्य व मानवी परिस्थितीच्या तरतुदी एकत्र वाचल्या. कामगार आणि मालक यांची ताकद मुळातच सारखी नसते, महामारीने ती दरी आणखी रुंद केली. अशा वेळी कामगार ‘राजीखुशीने’ जादा तास करतो असं म्हणण्याला फारसा अर्थ राहत नाही. १९८२ मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम ही वेठबिगारीच आहे, असं म्हटलं होतं. त्या विचाराचा धागा इथे ओव्हरटाइमपर्यंत आला. अर्थव्यवस्था सावरण्याचा सगळा भार, तिचा कणा असलेल्या कामगारांच्याच पाठीवर टाकता येणार नाही, ही भूमिका न्यायालयाने स्पष्ट शब्दांत घेतली.

खरा दिलासा: थकलेला ओव्हरटाइम

निकाल लागला तेव्हा दुसऱ्या अधिसूचनेचे तीन आठवडेही उरले नव्हते. नुसती ती रद्द करून न्यायालय थांबलं असतं, तर कामगारांच्या हाती जवळपास काहीच पडलं नसतं. म्हणून अनुच्छेद १४२ खालचा, पूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याचा अधिकार वापरून आदेश दिला गेला की अधिसूचना निघाल्यापासून काम करत आलेल्या सर्व पात्र कामगारांना कलम ५९ प्रमाणे ओव्हरटाइम द्यावा. माझ्या मते निकालातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. सरकारी आदेश बेकायदा ठरतात, पण तोवर ज्यांचं नुकसान झालं त्यांना ते भरून मिळणं दुर्मीळ असतं.

आदेश झाला म्हणून पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. इथून पुढची वाट कामगार चळवळीतल्या माणसांना पाठ असते. कामगाराला किती तास भरले हे दाखवावं लागतं. मस्टर (हजेरीपट) मालकाकडे. स्लिपवर तास छापलेले असतील तर ठीक, नाहीतर पंचिंगच्या नोंदी, कंपनी बसचं रजिस्टर, ‘उद्या बाराची पाळी’ असा सुपरवायझरचा व्हॉट्सॲप मेसेज, त्या काळात गेटवर ताप मोजताना नाव आणि वेळ लिहिलेली वही, यातलं जे मिळेल ते कामाला येतं. हक्क आधीच ठरलेला असताना फक्त रक्कम मोजून वसूल करायची असेल, तर औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ३३ क (२) खाली कामगार न्यायालयात अर्ज करता येत असे. ‘मला ओव्हरटाइम लागू होतो का’ हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने संपलेला असल्याने ही वाट नेहमीपेक्षा सोपी झाली होती. वेतन प्रदान अधिनियमाखालीही दावा करता येत होता, पण त्याला बारा महिन्यांची मुदत. ही मुदत उलटल्यामुळे बुडालेल्या दाव्यांची मला सगळ्यात जास्त खंत वाटते, कारण तिथे हक्क असतो, पुरावा असतो, फक्त वेळेवर कोणी सांगितलेलं नसतं.

कंत्राटी कामगारांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे: ‘तुम्ही ठेकेदाराचे, तुम्हाला कंपनीचा ओटी नाही.’ हे चूक आहे. कारखाने अधिनियमातल्या ‘कामगार’ या व्याख्येत ठेकेदारामार्फत घेतलेली माणसं स्पष्टपणे येत होती. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर ते देण्याची जबाबदारी कंत्राटी कामगार कायद्याने मूळ मालकावर टाकली होती.

याच काळात इतर राज्यांनीही असे आदेश काढले होते. उत्तर प्रदेशने मे २०२० मधली आपली बारा तासांची अधिसूचना अलाहाबाद उच्च न्यायालयात आव्हान मिळताच काही दिवसांत मागे घेतली. राजस्थाननेही आपला आदेश मागे घेतला. गुजरात अडून राहिला, म्हणून निकाल मिळाला.

त्यानंतर कायदा कुठे गेला

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री असताना आणलेल्या विधेयकातून १९४६ मध्ये आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले होते आणि १९४८ च्या अधिनियमाने तेच पुढे चालवलं. आज ४८ चा आकडा कागदावर टिकून आहे. दिवसाची मर्यादा मात्र सैल होते आहे. २०२५ मध्ये गुजरातने, या वेळी अधिसूचनेने नव्हे तर कायद्यात दुरुस्ती करून, दिवसाला १२ तासांपर्यंत काम शक्य केलं. आठवड्याचे ४८ तास, दुप्पट दर आणि कामगाराची लेखी संमती या अटी ठेवल्या. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही सप्टेंबर २०२५ मध्ये ९ वरून १२ तास आणि तिमाही ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास करण्याला मंजुरी दिली. दोन्हीकडे दुप्पट दराला हात लावलेला नाही, आणि यात २०२० च्या निकालाचा वाटा आहे असं मी मानतो.

लेखी संमतीबद्दल मला फारसा विश्वास वाटत नाही. नेमणुकीच्या दिवशी पुढे केलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात संमतीचा एक कागद घातला की झालं. नोकरी हवी असलेला माणूस त्यावर सही करणारच. संमती त्या त्या वेळी, त्या त्या पाळीसाठी घेतली जावी आणि नकार दिल्यावर पुढच्या महिन्यात ब्रेक दिला जाणार नाही, म्हणजे कामावरून घरी बसवलं जाणार नाही, याची हमी असावी, तरच तिला किंमत आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्यात दिवसाचे आठ तास, जादा कामाला दुप्पट दर आणि ओव्हरटाइमला कामगाराची संमती या गोष्टी आहेत. वेतन संहितेने दावा करण्याची मुदत तीन वर्षं केली, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. वर सांगितलेल्या मस्टरच्या अडचणीवर हा खरा उतारा आहे.

पण याच कार्यस्थिती संहितेत एक कलम असंही आहे, की सार्वजनिक आणीबाणी, आपत्ती किंवा महामारीच्या काळात सरकार कामाच्या ठिकाणांना संहितेच्या कोणत्याही तरतुदीतून सूट देऊ शकतं, एका वेळी एक वर्षापर्यंत. संहितेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली २८ सप्टेंबर २०२० रोजी, म्हणजे निकालाच्या तीनच दिवस आधी. तेव्हा व्याख्येच्या आधारावर जिंकलेला मुद्दा पुढच्या खटल्यात जसाच्या तसा उपयोगी पडणार नाही. महामारी हा शब्द आता कायद्यातच आहे. तिथे उपयोगी पडेल तो निकालाचा घटनात्मक भाग, अनुच्छेद २१ आणि २३ चा. कामगार संघटनांनी अशी एखादी अधिसूचना हातात पडली की तासांचा आकडा नंतर वाचावा, आधी वेतनाची अट शोधावी, आणि ती ‘प्रमाणात’ असेल तर त्याच दिवसापासून सभासदांना तास लिहून ठेवायला सांगावं.